खाणीवरचा बाजार

२०१३ सालच्या जून महिन्यांत आमच्या शाळेंत पांचवीच्या वर्गांत एक नवा विद्यार्थी दाखल झाला. त्याचे वडील मूळचे कागल तालुक्यांतले. परंतु मुलाचा जन्म गोव्यांतला आणि पहिल्या चार इयत्ताही कुडचडें येथेंच झालेल्या. त्याच्या बोलण्याला थोडें कोंकणी वळण असल्यामुळें वर्गांतलीं मुलें प्रथम हंसत. पुढें कबड्डीच्या मैदानावर त्यांची गट्टी जमली. वडिलांचें कुडचड्याच्या रस्त्यावर टायर-पंक्चरचें दुकान होतें. तें बंद करून सर्व कुटुंब बिऱ्हाडासह गांवीं परत आलें होतें. एके दिवशीं भूगोलाच्या तासाला खनिजांचा धडा चालला असतां हा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कोर्टानें खाणी बंद केल्या असें बाबा म्हणतात. पण बाबा खाणींत कामाला नव्हतेच. मग आमचें दुकान कां बंद झालें?"

त्या दिवशीं आम्हीं कांहींतरी सांगून वेळ निभावून नेली, हें येथें कबूल केलें पाहिजे. प्रश्न मात्र मनांत राहिला. त्यानंतर दोन वेळां गोव्यांत जाण्याचा योग आला तेव्हां आम्ही मुद्दाम खाणींच्या मुलखांतून फिरलों. तेथें जें पाहिलें, आणि नंतर जें वाचलें, त्याच्या आधारें त्या प्रश्नाचें उत्तर आज लिहीत आहों. उशीर झाला खरा. पण असे प्रश्न पडणारीं मुलें दरवर्षीं नवीं येतच असतात, आणि त्यांच्या पालकांनाही हा विषय परका नाहीं.

गोव्याचें नांव काढलें कीं आपल्याकडील लोकांच्या डोळ्यांपुढें समुद्रकिनारा उभा राहतो. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याचे डिचोली, सत्तरी, सांगें इत्यादि तालुके अगदीं निराळे आहेत. कोल्हापुराहून आजरें, आंबोली, सावंतवाडी, बांदें, दोडामार्ग या वाटेनें डिचोलीस उतरावें, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनीं कापलेले तांबडे डोंगर दिसूं लागतात. या डोंगरांच्या पोटांत लोखंडाचें खनिज आहे. पोर्तुगीज सरकारनें खाणींचे परवाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच देण्यास सुरुवात केली होती. पण धंद्यास खरा जोर चढला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानच्या पोलादाच्या कारखान्यांना खनिज हवें झालें तेव्हां. १९६१ सालीं गोवा मुक्त झाला, त्या वेळीं खाणींचा धंदा तेथें चांगलाच रुजलेला होता. पुढें चालू शतकाच्या पहिल्या दशकांत चीननें खनिज विकत घेण्याचा सपाटा लावला, भाव भराभर चढले, आणि २०१०-११ सालीं गोव्यांतून सुमारें ५ कोटी ४० लाख टन खनिज जहाजांवर चढलें. यांत शेजारच्या कर्नाटकांतून आलेला मालही होता.

आतां या मालाचा प्रवास कसा होई तें पाहूं, कारण आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर याच प्रवासांत दडलेलें आहे. गोव्याचें खनिज बरेंचसें हलक्या प्रतीचें. त्यांत लोहाचा अंश कमी. असा माल पुष्कळ पाठवावा तेव्हांच परवडतो. म्हणून वाहतूक हा त्या धंद्याचा प्राण होता. डोंगरावर यंत्रें खनिज खणीत व ट्रकांत भरीत. ट्रक तें नदीकांठच्या धक्क्यावर आणून ओतीत. तेथून बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या लांबलचक मालवाहू होड्या, तें मांडवी व जुवारी या नद्यांतून मुरगांव बंदराकडे नेत. पावसाळ्यांत मांडवीचें मुख खवळलेल्या समुद्रामुळें बार्जना बंद होई, तेव्हां त्या कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारींत उतरत. एका ट्रकांत दहा टन माल धरला, तर एक कोटी टनांसाठीं दहा लाख खेपा झाल्या! वाचकांनीं हा आंकडा क्षणभर मनांत घोळवावा. खाणीच्या तोंडाशीं यंत्रांमुळें माणसें बेताचींच लागत. परंतु खाणीपासून धक्क्यापर्यंतच्या त्या दहा-वीस मैलांच्या रस्त्यावर हजारों माणसांचें पोट अवलंबून होतें.

ते ट्रक कोणाचे? थोडे कंपन्यांचे, पण पुष्कळसे त्या त्या गांवच्या लोकांचे होते. कोणाची शेती खाणीच्या मातीखालीं गेलेली, कोणाचा मुलगा मॅट्रिकनंतर घरीं बसलेला. बँकेनें कर्ज दिलें, एक ट्रक घेतला, तो चालला म्हणून दुसरा घेतला. ट्रक आला म्हणजे ड्रायव्हर आला, क्लीनर आला. ट्रकला टायर लागतात, डिझेल लागतें, स्प्रिंगांचे पाटे तुटतात, बॅटरी उतरते, विम्याचा हप्ता भरावा लागतो. ड्रायव्हरला पहांटे चहा व दुपारीं जेवण लागतें, राहण्यास खोली लागते, महिन्यांतून एकदां केस कापावे लागतात, आणि गांवाकडे पैसे पाठवावे लागतात. याप्रमाणें गॅरेजें, पेट्रोल पंप, खानावळी, किराणा दुकानें, न्हाव्याच्या टपऱ्या, भाड्याच्या खोल्या आणि बँकांच्या शाखा त्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना उगवत गेल्या. यांपैकीं कोणीही खाणींत काम करीत नव्हता, आणि तरीही प्रत्येक जण खाणीवरच जगत होता. गोव्यांत अशा सर्वांना मिळून पुढें एक शब्दच रूढ झाला: ‘खाण अवलंबित’.

आम्ही प्रथम गेलों तो २०१४ चा डिसेंबर. खाणी त्या वेळीं बंदच होत्या. उसगांवच्या बाजूला एका खानावळींत जेवावयास बसलों. आम्ही सोडून दुसरें गिऱ्हाईक नव्हतें. वाढणाऱ्या मावशींना सहज विचारलें, "मावशी, नेहमीं एवढीच वर्दळ असते का?" त्या हंसल्या व म्हणाल्या, "मास्तर, पहांटे चारला चूल पेटायची ती रात्रीं दहाला विझायची. तिघी बायका हाताखालीं होत्या. आतां मी एकटी, आणि ही मांजर." त्यांनीं आम्हांला सोलकढी दोनदां वाढली. पैसे देतांना आम्हीं मोडीची वाट पाहिली नाहीं, तर त्यांनीं रस्त्यापर्यंत येऊन मोड हातांत दिली.

अर्थशास्त्रज्ञ या गोष्टीचा विचार कसा करतात, तें एका सोप्या हिशेबानें सांगतां येईल. समजा, खाणीमुळें बाहेरगांवचे शंभर रुपये एखाद्या गांवांत आले. हे ट्रकमालकाला मिळाले. त्यानें त्यांतले साठ रुपये डिझेल, टायर, बँकेचा हप्ता यांवर खर्च केले, ते गांवाबाहेर गेले. चाळीस रुपये गांवांतच मेस्त्री, खानावळ व वाणी यांना दिले. या लोकांनींही तसेंच केलें, म्हणजे चाळिसांतले सोळा रुपये पुन्हां गांवांत फिरले. पुढच्या फेरींत सहा रुपये चाळीस पैसे. असें करीत गेलें तर मूळच्या शंभर रुपयांपासून गांवांतल्या लोकांच्या हातीं एकंदर सुमारें एकशें सहासष्ट रुपयांची मिळकत येते. हे आंकडे आम्हीं केवळ उदाहरणासाठीं घेतले आहेत. परंतु त्यांतील मर्म खरें आहे. बाहेरून येणारा पैसा गांवांत जितक्या अधिक हातांतून फिरेल तितकी गांवाची मिळकत वाढते. आणि त्याचीच दुसरी बाजू अशी कीं, तो मूळचा शंभराचा झरा आटला तर गांवाचे शंभरच नव्हे, तर एकशें सहासष्ट रुपये बुडतात. पंक्चरवाल्याचें दुकान हें त्या वरच्या सहासष्टांतलें.

याखेरीज आणखी एक गोष्ट घडते, ती सुबत्तेच्या काळांत कोणाच्या सहसा लक्षांत येत नाहीं. खाणीच्या रस्त्यावर मजुरी चढी असली म्हणजे भातशेतीला माणूस मिळेनासा होतो. गवंडी, सुतार, माडावर चढणारा पाडेली, हे सर्व महाग होतात किंवा आपला धंदा सोडून स्टीअरिंग हातांत घेतात. खोल्यांचें भाडें ड्रायव्हरांच्या ऐपतीनें ठरूं लागतें. शाळामास्तराला किंवा दवाखान्यांतल्या परिचारिकेला तें परवडत नाहीं. म्हणजे एक धंदा भरभराटला कीं त्याच्याशीं ज्यांचा संबंध नाहीं अशा सेवा खालावतात. हॉलंड देशांत १९५९ सालीं ग्रोनिंगेन येथें नैसर्गिक वायूचा प्रचंड सांठा सांपडला; पुढें त्या श्रीमंतीमुळें तेथल्या इतर कारखान्यांना उतरती कळा लागलेली पाहून लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकानें १९७७ सालीं या दुखण्याला ‘डच रोग’ असें नांव दिलें. देशाच्या बाबतींत हा रोग चलनाच्या वाढलेल्या किंमतीवाटे शिरतो, गांवाच्या बाबतींत मजुरीवाटे; परंतु प्रकृति एकच. आणि खाण थांबली म्हणजे सोडलेली शेती व विसरलेलें कसब एका दिवसांत परत येत नाहीं.

खाण थांबली ती अशी. सप्टेंबर २०१२ मध्यें न्यायमूर्ति शहा आयोगाचा गोव्यासंबंधीचा अहवाल संसदेपुढें आला. त्यांत नियमबाह्य उत्खननाचे गंभीर आरोप होते. १० सप्टेंबरला राज्य सरकारनें खाणींचें काम थांबविलें, आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानें उत्खनन व वाहतूक दोन्ही बंद केलीं. २१ एप्रिल २०१४ च्या निकालांत न्यायालयानें असें ठरविलें कीं, खाणींच्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजींच संपली होती. यापुढें खाणी चालल्या तरी वर्षाला २ कोटी टनांहून अधिक खनिज काढूं नये. आणि विक्रीच्या पैशांतून शेंकडा दहा पुढच्या पिढ्यांसाठीं एका कायम निधींत ठेवावे. २०१५ सालीं कांहीं खाणी पुन्हां सुरू झाल्या. पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजीं न्यायालयानें ८८ पट्ट्यांचें नूतनीकरण रद्द केलें, आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हां सर्व शांत झालें. २०२२ च्या अखेरीस नव्यानें लिलाव सुरू झाले, व २०२४ सालीं डिचोलीच्या एका खाणींत काम परत चालू झालें.

आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांशीं आम्हीं यासंबंधीं नंतर सविस्तर बोललों. ते म्हणाले, "सर, गिऱ्हाईक गेलें तें एका रात्रींत. पण त्याचा धक्का नव्हता एवढा. धक्का वहीचा होता." ही वही म्हणजे उधारीची. ट्रकमालकाला कंपनीचें बिल महिन्यानें मिळे, म्हणून तो टायरवाल्याला महिन्यानें पैसे देई. टायरवाला घाऊक व्यापाऱ्याला त्याहून उशिरा. सर्व बाजार असा एकमेकांच्या विश्वासावर चाललेला. खाण थांबली त्या दिवशीं ही सगळी येणीं जागच्या जागीं गोठलीं, देणीं मात्र गोठलीं नाहींत. घाऊक व्यापारी दारांत उभा राहिला, गाळ्याचा मालक भाडें मागूं लागला. दुकान बंद होण्याचें खरें कारण हेंच. शिवाय एक अडचण धंद्याच्या जातीची होती. खानावळ आटोपशीर करून चालवितां येते. किराणा दुकान गांवांतल्या उरलेल्या माणसांवर तग धरतें. डॉक्टर व पोस्टमास्तर यांना तर गांव आहे तोंवर काम आहेच. परंतु ट्रकच्या टायरसाठीं मांडलेलें दुकान दुचाकींच्या पंक्चरवर चालत नाहीं. जो सेवक खाणीच्या जितका जवळ, तो तितका आधीं पडला.

ट्रकमालकांची स्थिति तर याहूनही बिकट. आम्हीं घरांच्या मागें उभे केलेले कितीतरी ट्रक पाहिले. चाकांना वेली गुंडाळलेल्या आणि हौद्यांत गवत. नद्यांत बार्ज नांगर टाकून ओळीनें गंजत पडलेल्या. राज्य सरकारनें ट्रकमालक, बार्जमालक व कामगार यांच्यासाठीं साहाय्याच्या आणि कर्जसवलतीच्या योजना काढल्या. पण वहींतल्या बाकीला तशी योजना नसते.

येथें कोणी म्हणेल कीं, मग खाणी बंद करणेंच चूक होतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. डिचोलीजवळ शिरगांव नांवाचें गांव आहे. लइराई देवीच्या जत्रेमुळें तें सर्वत्र ठाऊक आहे. गांवाला खाणींनीं वेढलें, खड्डे भूजलाच्याही खालीं गेले, आणि विहिरी आटल्या. इतरत्र पावसाळ्यांत मातीच्या ढिगांवरून लाल गाळ वाहून भाताच्या खाचरांत बसे. कुडचडें-सावर्ड्याच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगा अशा असत कीं मुलांना शाळेंत जातांना रस्ता ओलांडणें कठीण. झाडांचीं पानेंही तांबडीं. खाण थांबल्यावर हवा निवळली असें आम्हांस त्याच खानावळीच्या मावशींनीं सांगितलें, आणि लागलीच, "पण निवळलेली हवा शिजवतां येत नाहीं," असेंही म्हणाल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. नियम मोडून खणणाऱ्यांचा हिशेब न्यायालयानें घेतला. पण त्या हिशेबाची झळ ज्यांनीं कोणताही नियम मोडला नव्हता त्यांनाही लागली, हीच या विषयांतली अवघड जागा आहे.

ही गोष्ट गोव्याचीच आहे असें मात्र समजूं नये. पृथ्वीच्या अगदीं उत्तरेस, जेथें हिंवाळ्यांत कित्येक दिवस सूर्य उगवत नाहीं, तेथें ती अधिक स्पष्ट दिसते. कारण तेथें शेती नाहीं, दुसरें गांव जवळ नाहीं, आणि खाण नसती तर वस्तीच झाली नसती. स्वीडन देशांत किरुना नांवाचें शहर लोखंडाच्या खाणीपायीं वसलें. तेथून नॉर्वेच्या न गोठणाऱ्या नार्विक बंदरापर्यंतच्या आगगाडीचें रीतसर उद्घाटन १९०३ सालीं झालें. परंतु खाण खोल जातां जातां शहराखालची जमीन खचूं लागली, तेव्हां शहरच हलविण्याचें ठरलें! नवी बाजारपेठ पूर्वेस बांधून २०२२ सालीं उघडली, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें १९१२ सालचें लांकडी चर्च उभेंच्या उभें चाकांच्या गाड्यांवर चढवून दोन दिवसांत सुमारें पांच किलोमीटर दूर नेलें. तेथल्या न्हाव्यालाही आपलें दुकान कोठें असावें हें खाणीला विचारूनच ठरवावें लागतें.

त्याहूनही उत्तरेस स्वालबार्ड बेटांवर लाँगयरब्येन ही कोळशाच्या खाणीची वस्ती आहे. तेथें एके काळीं घरें कंपनीचीं, दुकान कंपनीचें, आणि चलनी नोटासुद्धां कंपनीच्याच चालत. म्हणजे आपल्या मावशींसारखी स्वतंत्र खानावळ तेथें निघणेंच शक्य नव्हतें. पुढें सरकारनें धोरण बदललें. १९९३ सालीं विद्यापीठाचें केंद्र निघालें, प्रवासी येऊं लागले, आणि २०२५ सालीं तेथली शेवटची नॉर्वेजियन खाण बंद झाली तेव्हां गांव ओस पडलें नाहीं. हा बदल खाण चालू असतांनाच तीस वर्षें आधीं सुरू झाला होता, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. याच्या उलट आपल्या शेजारच्या कर्नाटकांतील कोलारच्या सोन्याच्या खाणी पाहाव्या. १९०२ सालीं तेथें वीज आली, तेव्हां हिंदुस्थानांत फारच थोड्या ठिकाणीं ती होती. २८ फेब्रुवारी २००१ रोजीं खाणी बंद झाल्या. आणि आज त्या वस्तींतले कितीतरी लोक पहांटेची गाडी पकडून रोजगारासाठीं बंगळूरला जातात व रात्रीं निजावयास परत येतात. सोन्यावर बसलेलें गांव केवळ मुक्कामाचें गांव होऊन राहिलें.

आपल्या जिल्ह्याकडे पाहिलें तर आपलें खनिज म्हणजे ऊस, असें विनोदानें म्हणतां येईल. (राधानगरी व शाहूवाडीच्या डोंगरांवर बॉक्साइट आहे, पण त्याचा बाजार तेवढा नाहीं.) गळिताचा हंगाम सुरू झाला कीं आपल्याकडेही ट्रॅक्टरवाले, चहाच्या टपऱ्या, टायरवाले व बैलांना नाल मारणारे यांची चलती होते, आणि कारखान्याचें बिल थकलें कीं वाण्याची वही फुगते. हा अनुभव कोणत्याही पालकास नवा नाहीं. फरक दोन आहेत. ऊस दरवर्षीं पुन्हां उगवतो, खनिज उगवत नाहीं. आणि वारणानगरीं तात्यासाहेब कोरे यांनीं साखर कारखान्यापासून आरंभ करून त्याच पैशांतून दूधसंघ, शाळा-महाविद्यालयें आणि ग्राहकांच्या मालकीचा ‘वारणा बाजार’ उभा केला. मुलांचा वाद्यवृंददेखील काढला. तेथें बाजार कारखान्याच्या आश्रयानें वाढला खरा, पण त्याची मालकी शेतकरी-ग्राहकांकडेच राहिली. गोव्यांतील खाणींच्या ऐन भरभराटीच्या काळांत असा विचार फारसा झाला नाहीं. भाव चढत होते, आणि चढत्या भावांत दुसरा ट्रक घेणें हेंच शहाणपण वाटत होतें. त्या लोकांना आज दोष देणें सोपें आहे. त्या वेळीं तेथें असतों तर आम्हींही कदाचित् तेंच केलें असतें.

आमचा तो विद्यार्थी आतां शिरोलीच्या एका फौंड्रींत नोकरीस आहे. वडिलांनीं महामार्गावर कागलजवळ पुन्हां टायरचें दुकान घातलें. तेथें सर्व मुलखाचे ट्रक थांबतात. गेल्या दिवाळींत मुलगा भेटावयास आला तेव्हां त्यानें एक हकीकत सांगितली. डिचोलीची खाण सुरू झाल्याचें वर्तमानपत्रांत वाचून वडील एकदां कुडचड्यास जाऊन आले. जुन्या गाळ्यांत मोबाइलचें दुकान होतें. परत निघतांना स्टँडवर एका म्हाताऱ्या ट्रकमालकानें त्यांना ओळखलें, घरीं नेऊन जेवूं घातलें, आणि दोन टायरांच्या बाकीपैकीं बाराशें रुपये हातावर ठेवले. वडील नको नको म्हणत होते. शेवटीं त्यांनीं पैसे घेतले, घरीं येऊन जुनी वही काढली, आणि त्या नांवापुढें रक्कम व तारीख लिहिली.